आकाशातली घड्याळे आणि मैदानावरचे तीन खुंट

‘आपल्या मुलांना गणित जमत नाही,’ हे वाक्य आपल्या वस्त्यांमध्ये, पालकसभांमध्ये आणि, खेदाने सांगावे लागते, शिक्षकांच्या खोल्यांमध्येही आता इतक्या सहजपणे उच्चारले जाते, की ते केवळ एक मत आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे, याचाच विसर पडू लागला आहे. पालक ते काळजीने बोलतात, शिक्षक सुटकेच्या सुरात बोलतात आणि मुले ते ऐकून ऐकून खरे मानतात. आम्ही मुळात इतिहासाचे विद्यार्थी. एखादे वाक्य वारंवार बोलले गेल्याने खरे ठरत नाही, त्यामागचा पुरावा मागावा लागतो, एवढे त्या विषयाने आम्हाला शिकवले. या वाक्याचा पुरावा मागितला की समोर गुणपत्रिका ठेवली जाते. मुलाला काय येत नाही ते गुणपत्रिका सांगते; का येत नाही, याविषयी ती मौन पाळते. आमच्या मते कारण असे की, गणित राहते कोठे हे या मुलांना कोणी दाखवलेलेच नाही.

ते आज प्रत्येक पालकाच्या खिशात राहते. आपल्या पालकांपैकी कोणी टेम्पो चालवतात, कोणी ऊसतोडीला जिल्हा ओलांडून जातात; माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी पुण्या-नागपुरात घरोघरी सामान पोहोचवतात, कोणी भूमापनाच्या कामावर आहेत. या सर्वांच्या मोबाईलवर नकाशा उघडतो आणि त्यावर एक निळा ठिपका दिसतो: तुम्ही येथे आहात. हा ठिपका कोठून आला, असे सहसा कोणी विचारत नाही. आमचा आग्रह असा की हा प्रश्न आपल्या शाळेत विचारला जावा आणि तो गणिताच्या तासाला विचारला जावा. कारण त्या ठिपक्यामागे जे गणित आहे, त्याचा गाभा सहावी ते दहावीच्या पाठ्यपुस्तकांबाहेरचा नाही.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. उपग्रह वरून आपल्याला पाहतो आणि आपला पत्ता सांगतो, अशी अनेकांची समजूत असते. उपग्रह आपल्याला पाहत नाही. आपण आहोत हेही त्याला ठाऊक नसते. तो रेडिओ केंद्रासारखा अखंड बोलत राहतो आणि त्याच्या बोलण्याचा मथितार्थ एवढाच असतो: ‘मी अमुक ठिकाणी आहे आणि माझ्या घड्याळात आता अमुक वाजले आहेत.’ मोबाईल फक्त ऐकतो. संकेत निघाला केव्हा हे संकेतातच सांगितलेले असते, पोहोचला केव्हा हे मोबाईल आपल्या घड्याळावरून पाहतो. मधला काळ गुणिले प्रकाशाचा वेग म्हणजे उपग्रहापासूनचे अंतर. अंतर बरोबर वेग गुणिले वेळ, हे आगगाडीच्या उदाहरणांतून मुलांना पाठ झालेले सूत्र येथे आकाशात काम करते. अमेरिकेच्या जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रकाशाचा आणि रेडिओलहरींचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. उपग्रह अगदी डोक्यावर असेल तर संकेताला खाली यायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. भागाकार मुलांनी स्वतः करावा. उत्तर सांगून टाकले की त्यातली गंमत जाते.

पण एका उपग्रहापासूनचे अंतर कळले म्हणजे जागा कळली असे नव्हे. येथे फळ्याजवळून उठून मुलांना मैदानावर न्यावे, असे आम्ही सुचवतो. कबड्डीच्या मैदानाशेजारी जी मोकळी जागा असेल तेथे तीन खुंट ठोकावेत. पहिला, अ, कोपऱ्यात. दुसरा, ब, त्याच्यापासून कुंपणाच्या कडेने ४२ मीटरवर. तिसरा, क, अ पासूनच पण काटकोनात २१ मीटरवर. आता एका विद्यार्थिनीने मैदानात कोठेही उभे राहावे, तिचे तिन्ही खुंटांपासूनचे अंतर टेपने मोजावे, आणि बाकीच्या वर्गाने मैदानाकडे पाठ करून, केवळ त्या तीन आकड्यांवरून ती कोठे उभी आहे ते वहीत शोधावे. समजा, अ पासून २० मीटर, ब पासून ३४ मीटर आणि क पासून १३ मीटर अशी अंतरे आली.

अ पासून २० मीटर म्हणजे ती अ भोवतीच्या २० मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर कोठेतरी आहे. ब भोवतीचे ३४ मीटरचे वर्तुळ काढले की दोन्ही वर्तुळे दोनच ठिकाणी छेदतात. त्यांतले एक ठिकाण मैदानात येते, दुसरे कुंपणापलीकडे रस्त्यावर. तिसरे वर्तुळ या दोहोंतला निकाल लावते. कंपासने कागदावर हे सातवीचे मूलही करील. नववी-दहावीच्या मुलांनी मात्र समीकरणे मांडावीत. तिची जागा अ पासून कुंपणाच्या दिशेने क्ष मीटर आणि काटकोनात य मीटर मानली तर पायथागोरसच्या प्रमेयाने पहिले वर्तुळ क्ष² + य² = ४०० असे होते आणि दुसरे (क्ष – ४२)² + य² = ११५६ असे. पहिल्यातून दुसरे वजा करताच वर्ग निघून जातात, उरते ८४क्ष = १००८, म्हणजे क्ष = १२. तिसऱ्या वर्तुळाशी तसेच केले की ४२य = ६७२, म्हणजे य = १६. मुले मागे वळून पाहतात, कुंपणाच्या कडेने १२ मीटर आणि आत १६ मीटर मोजतात, आणि मैत्रीण नेमकी तेथेच उभी असते. ‘या समीकरणांचा उपयोग काय?’ हा दरवर्षी विचारला जाणारा प्रश्न त्या दिवशी कोणी विचारील असे आम्हाला वाटत नाही.

खरी मौज याच्या पुढे आहे, आणि उपग्रहांच्या गणिताचे मर्मही तेथेच आहे. आपल्या शाळांमधले टेप कसे असतात ते आपण सर्व जाणतो. सुरुवातीचा तुकडा तुटून गेलेला, उरलेल्यावर काम चाललेले. समजा टेपचे पहिले तीन मीटर गेले आहेत आणि ही गोष्ट वर्गाला सांगितलेली नाही. तुटलेल्या टोकापासून मोजले तर प्रत्येक अंतर तीन मीटरने जास्त दिसेल: २३, ३७ आणि १६. आता वर्तुळे काढली तर तिन्ही एका बिंदूत मिळत नाहीत. मुलांना वाटते मोजणी चुकली, किंवा आपलेच गणित चुकले. येथे शिक्षकाने घाई करू नये. चूक आहे, पण ती तिन्ही मोजण्यांत सारखीच आहे, एवढाच दुवा द्यावा. मग चुकीलाच अज्ञात राशी मानता येते. ती सोयीसाठी ३त मीटर मानू. वजाबाकी पूर्वीप्रमाणेच केली की क्ष = ११ + त आणि य = १७ – त मिळते. या किमती पहिल्या वर्तुळाच्या समीकरणात घातल्या की उरते त² – १८त + १७ = ०. दहावीच्या वर्गसमीकरणाच्या प्रकरणातले, सहज अवयव पडणारे समीकरण. त ची किंमत १ किंवा १७. सतरा घेतली तर टेपची चूक ५१ मीटर ठरते. मोजलेले अंतरच २३ मीटर असताना त्यातली चूक ५१ मीटर कशी असेल? म्हणून त = १, चूक तीन मीटर, क्ष = १२, य = १६. टेप किती तुटला आहे, हे टेपकडे न पाहता वहीत सापडले.

मोबाईलची अवस्था या तुटक्या टेपसारखीच असते. उपग्रहात अणुघड्याळ असते, मोबाईलमध्ये स्वस्त घड्याळ. सेकंदाच्या दशलक्षाव्या भागाची चूक झाली तरी अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो आणि मोबाईलचे घड्याळ तेवढे अचूक राहूच शकत नाही. परंतु ही चूक सर्व उपग्रहांच्या मोजणीत सारखीच शिरते. म्हणून तीही अज्ञात मानायची. सपाट मैदानावर क्ष, य आणि चूक अशा तीन अज्ञातांसाठी तीन खुंट लागले. अवकाशात उंचीची भर पडते, अज्ञात चार होतात आणि उपग्रहही किमान चार लागतात. खुंटांभोवती वर्तुळे होती, उपग्रहांभोवती गोल येतात, एवढाच बदल. जितके अज्ञात तितकी समीकरणे, हा नियम पाठ करणे वेगळे आणि चौथा उपग्रह कशासाठी हे उमगणे वेगळे.

अणुघड्याळालाही दुरुस्ती लागते, आणि ती कोणी सांगितली तर आइनस्टाइनने. उपग्रह वेगाने फिरतो म्हणून त्याचे घड्याळ दिवसाला सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडते. पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण तेथे क्षीण असल्याने ते सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जाते. वजा जाता ३८ पुढे. हा हिशेब ठेवला नाही तर एका दिवसात अंतराच्या मोजणीत ३८ गुणिले ३००, म्हणजे ११,४०० मीटरची तफावत साचेल. सापेक्षतेचा सिद्धांत शाळेत शिकवता येत नाही हे मान्य. पण हा गुणाकार पाचवीचा आहे.

घड्याळ कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न नुसत्या गणिताचा नाही. मे २००० पर्यंत अमेरिका आपल्या जीपीएसचा नागरी वापरासाठीचा संकेत मुद्दाम बिघडवून देत असे, त्यामुळे इतर जगाला शंभर मीटरपर्यंतची चूक सोसावी लागे. ज्याची व्यवस्था, त्याची मर्जी. भारताने पुढे स्वतःची ‘नाविक’ प्रणाली उभारली: पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून गेला, सातवा २८ एप्रिल २०१६ रोजी. मात्र त्यांतली अणुघड्याळे परदेशातून घेतलेली होती आणि पहिल्या उपग्रहातली तिन्ही बंद पडली. उपग्रह आकाशात शाबूत, पण वेळ सांगता येत नाही म्हणून दिशादर्शनाला निरुपयोगी. २९ मे २०२३ रोजी गेलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहात भारतात बनवलेले रुबिडियम अणुघड्याळ बसवण्यात आले. उसन्या घड्याळावर चालणाऱ्याची वेळ कोण ठरवतो, हे आपल्या वाचकांना आम्ही वेगळे सांगायला नको.

इतिहासाच्या शिक्षकाला या निमित्ताने आपल्या विदर्भातली एक जागा आठवावी हे स्वाभाविक आहे. १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून हिंदुस्थानच्या महा-त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला प्रारंभ करणारा विल्यम लॅम्बटन १८२३ साली वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला मरण पावला. तेथेच त्याचे दफन झाले. हिंगणघाटला सहल न्यावी, असे आम्हाला फार वाटते. त्याने एक बाजू साखळीने मोजली आणि पुढे कोन मोजत मोजत त्रिकोणांची माळ देशभर पसरवली. उपग्रह उलट करतात: ते कोन मोजत नाहीत, केवळ बाजू मोजतात. त्रिकोण निश्चित करण्याच्या या दोन रीती आपल्या भूमितीच्या पुस्तकात एकरूपतेच्या कसोट्या म्हणून शेजारीशेजारी छापलेल्या आहेत, को-बा-को आणि बा-बा-बा. लॅम्बटनचे सुमारे अर्धा टन वजनाचे थिओडोलाइट यंत्र डोंगरांवर आणि देवळांच्या शिखरांवर चढवणाऱ्या मजुरांची नावे मात्र पाठ्यपुस्तकात नाहीत. ती कोणत्या वस्त्यांतली माणसे असतील, याचा अंदाज करणे कठीण नाही.

त्याच सर्वेक्षणाने १८६५ साली नैनसिंग रावत यांना यात्रेकरूच्या वेशात तिबेटकडे पाठवले. त्यांच्या हाती बौद्ध उपासकाची माळ होती, पण १०८ मण्यांऐवजी १०० मण्यांची. दर शंभर पावलांनी एक मणी पुढे सरकवायचा, माळ पुरी झाली की दहा हजार पावले. प्रार्थनाचक्राच्या आत मंत्राऐवजी मोजणीची टिपणे. ल्हासापर्यंतचा मार्ग त्यांनी असा पायांनी मोजला. आपल्या पाचवीच्या मुलांनी वसतिगृहापासून विहारापर्यंतची पावले मोजून तीच जागा मोबाईलवर ताडून पाहायला काय हरकत आहे? सरासरी म्हणजे काय, हे त्यातून जसे समजते तसे क्रिकेटच्या धावांतून समजत नाही.

आता एका बाईंविषयी सांगितलेच पाहिजे. ग्लॅडिस वेस्ट यांचा जन्म १९३० साली अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातल्या एका कृष्णवर्णीय शेतकरी कुटुंबात झाला. शाळा वंशभेदाच्या काळातली, गोऱ्यांपासून वेगळी. शेतात राबायचे नसेल तर शाळेत पहिले यावे लागेल, कारण पहिल्या येणाऱ्याला महाविद्यालयाची शिष्यवृत्ती होती. त्या पहिल्या आल्या, गणित शिकल्या, काही काळ शिक्षिका होत्या, आणि १९५६ साली डालग्रेन येथील नौदलाच्या संशोधन केंद्रात गणिती म्हणून रुजू झाल्या. तेव्हा तेथे कृष्णवर्णीय कर्मचारी अवघे चार होते. पृथ्वी गुळगुळीत गोल नाही. तिचा नेमका आकार गणिताने ठरवल्याशिवाय उपग्रहाचे स्थान आणि आपली उंची अचूक सांगता येत नाही. उपग्रहांकडून आलेल्या मोजण्यांवरून तो आकार काढणारे संगणकीय गणित बाईंनी वर्षानुवर्षे केले. त्याची जाहीर दखल अमेरिकी हवाई दलाने घेतली २०१८ साली, त्यांच्या वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी. वसतिगृहातल्या आमच्या मुलींना ही हकीकत सांगताना आम्ही तात्पर्य जोडत नाही. शिष्यवृत्ती म्हणजे काय, हे त्यांना आमच्याहून जास्त कळते.

मैदानाचे गणित मोठ्या मुलांसाठी झाले. लहानांसाठी निळ्या ठिपक्यावर बोट दाबून धरावे. अक्षांश-रेखांशाचे लांबलचक दशांश अपूर्णांक दिसतात. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. मग दशांशचिन्हानंतरचे पहिले स्थळ ११ किलोमीटरचे, दुसरे एक किलोमीटरचे, आणि पाचवे जेमतेम एका मीटरचे. दशांश स्थळाची किंमत शिकवायला याहून चांगले साधन आम्हाला ठाऊक नाही: पाचवे स्थळ बदलायला एक मोठी ढांग पुरे होते. रेखांशाचा अंश मात्र उत्तरेकडे आक्रसत जातो; आपल्या २१ अंश अक्षांशाच्या आसपास तो सुमारे १०४ किलोमीटर भरतो, आणि तो का, हे कोसाइन शिकल्यावर कळते.

याचा संबंध थेट जमिनीशीही आहे. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. हा विचित्र आकडा कोठून आला? तो ३३ चा वर्ग आहे, कारण जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची होती. आता भूमी अभिलेख खात्याची मोजणी उपग्रहांचे संकेत घेणाऱ्या रोव्हरने होते. ज्या घरांच्या वाट्याला मुळात दोन-चार गुंठेच आले, त्या घरातल्या मुलाला मोजणीचा नकाशा वाचता आला पाहिजे. न वाचता आल्याने बांध कसे सरकतात, ते पालकांना विचारावे.

यावर आक्षेप येतील. अभ्यासक्रम पुरा होत नाही, त्यात हे कशाला? आम्ही वर सांगितलेले प्रत्येक गणित अभ्यासक्रमातलेच आहे. मैदानावरचे दोन तास वाया जात नाहीत, वर्गसमीकरणाचे दोन तास वाचतात. निवासी शाळेत मोबाईलला बंदी आहे, ती राहू द्यावी. शिक्षकाचा एक मोबाईल पुरतो, आणि खुंट-दोरीच्या तासाला तर तोही लागत नाही.

गंभीर बाब दुसरीच आहे. २०२४ साली राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्याच्या निमित्ताने एक प्रस्ताव चर्चेत आला: दहावीला गणितात किंवा विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी विद्यार्थ्याला पुढे जाऊ द्यावे, मात्र पुढे या विषयांचे शिक्षण घेता येणार नाही, असा शेरा गुणपत्रिकेवर असावा. एका विषयापायी मुलाचे शिक्षण तुटू नये, हा हेतू चांगला आहे आणि तो आम्ही नाकारत नाही. पण तो शेरा कोणाच्या गुणपत्रिकेवर अधिक उमटेल? ज्याला शिकवणी आहे, घरी विचारायला कोणी आहे, त्याच्या नव्हे. पंधराव्या-सोळाव्या वर्षी मिळालेला तो शेरा पालक सुटका म्हणून स्वीकारतील, शाळाही निकालाची टक्केवारी पाहून हुश्श करील, आणि भूमापन, अभियांत्रिकी, संगणक, अवकाश ही सगळी दारे एका ओळीत बंद होतील. वीस गुणांची सवलत आपल्या शाळेने दिलासा मानावी की धोक्याची सूचना, यावर संस्थेने, पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी मिळून उघड चर्चा करावी, अशी आमची मागणी आहे. आमचे मत आम्ही लपवत नाही: एकाही मुलाला त्या शेऱ्याची गरज पडू नये, हे आपल्या शाळेचे उद्दिष्ट असावे, आणि त्यासाठी आठवीपासूनच कंबर कसावी.

माजी विद्यार्थी दरवर्षी विचारतात, शाळेला काय द्यावे? पंखे झाले, पाण्याच्या टाक्या झाल्या. यंदा मोजणीखात्यात, बांधकामावर किंवा संगणकाच्या क्षेत्रात असलेल्या प्रत्येकाने एक शनिवार द्यावा आणि आपण कामावर कोणते गणित वापरतो ते नववी-दहावीच्या मुलांना मैदानावर दाखवावे. सोबत खुंट, सुती दोरी आणि पन्नास मीटरचा एक पोलादी टेप आणावा. फायबरचा नको, तो ताणला जातो. तुटका टेप शाळेत आहेच.